चावीतला च

दार, कुलूप, चावी आणि बिजागरी. घराच्या उंबरठ्यावरचे हे चार शब्द आपण दिवसाकाठी कितीदा तरी उच्चारतो, आणि त्यांच्या कुळांकडे कधी वळून पाहत नाही. दार संस्कृत द्वारातून घडत आले, कुलूप अरबी 'कुफ्ल'चे रूप, आणि उरलेले दोन पोर्तुगीज गलबतांतून उतरलेले! पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली. त्यांच्या वखरींच्या आणि चर्चच्या बांधकामावर राबणाऱ्या सुतार-गवंड्यांच्या कानी जे पडले, तेच हळूहळू मराठी घरांच्या चौकटीत येऊन बसले असावे.

यातल्या चावीतला 'च' जरा थांबून ऐकावा असा आहे. लिस्बनमध्ये आज हा शब्द ऐकला तर त्याच्या आरंभी आपल्याला 'श' ऐकू येईल. पण गलबते आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा पोर्तुगीज तोंडी तिथे 'च'च होता. पुढे राजधानीतल्या बोलीत तो मवाळ होत 'श' झाला. मराठीला या बदलाची वार्ताही नव्हती; जे ऐकले ते तिने जपले. म्हणून त्या दर्यावर्दींचा उच्चार त्यांच्या राजधानीने टाकला तरी आपल्या ओठांवर अजून नांदतो आहे.

बिजागरीचे सौंदर्य आणखी नाजूक आहे. मूळ शब्द 'बिसाग्रा', पण त्यातला 'स' दोन स्वरांच्या मध्ये सापडून घोष होतो, इंग्रजी 'झेड'सारखा. अशा ध्वनीसाठी अनेक भारतीय भाषांना नुक्त्याचा आधार घ्यावा लागतो. मराठीपाशी मात्र जग, जावई, जुना यांतला दंत्य 'ज' तयारच होता. तो ध्वनी अलगद त्यात उतरला, 'ग्र'चे जोडाक्षर सुटे झाले, शेवटी 'ई' लागली, आणि शब्द असा मऊ फिरू लागला की तो परका आहे अशी शंकासुद्धा येऊ नये.

'तुरुंग' उच्चारताना तर आपण एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवतो. पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे बुंधा. कैद्याचे पाय अडकवण्याचा ओंडकाही तोच, आणि त्यावरून बंदिखानाही. आता आपल्याच मराठीकडे वळून पाहा: खोड आणि खोडा! झाडाकडून बेडीकडे जाणारी तीच वाट दोन भाषांनी एकमेकींना न विचारता चोखाळली, याचे मला अपार नवल वाटते.

आणि पगार. पोर्तुगीजमध्ये हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. मराठीने त्याला पुल्लिंगी नाम करून सगळ्या विभक्त्या बहाल केल्या. त्याच्याही मागे गेलो तर लॅटिन 'पाकारे' भेटते, म्हणजे शांत करणे, 'पाक्स' या शांतिवाचक शब्दापासून आलेले. देणे फेडले की घेणेकरी शांत होतो, या साध्या अनुभवातून तो अर्थ वळला. महिन्याच्या एक तारखेला घरोघरी उतरणारा निवांतपणा या शब्दाच्या पोटात आधीपासूनच होता म्हणायचा! 'बिनपगारी रजा' म्हणताना तर हा लॅटिनचा वंशज अरबी रजेला खेटून उभा राहतो, आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होत नाही.

फारसीच्या वाटेने आलेले अर्ज, वकील, फिर्याद हे शब्द दरबारातून, कचेरीतून आले. पोर्तुगीज शब्दांचा ओढा हाताने धरायच्या वस्तूंकडे अधिक: बादली, घमेले, फीत, पाव. बटाटा, काजू, अननस यांनी तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची नावेच सोबत आणली. बटाट्याचे नाव कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचे, आणि तेही मुळात रताळ्याचे.

या साऱ्या प्रवासाची नोंद बार्देशातल्या आसगाव इथे जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या धर्मगुरूने १९१३ साली एका ग्रंथात केली. आशियातल्या कितीतरी भाषांत पोर्तुगीज शब्द कसे रुजले, हे त्यांनी एकेक शब्द घेऊन दाखवले. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघाले. एखाद्या जुन्या ग्रंथालयात ते हाती लागले, तर आपल्या स्वयंपाकघरातला कुठलाही एक शब्द घेऊन त्यात अवश्य शोधा.