‘पिआ’ नावाची जंत्री

समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, फार तर एखाद्या दिवाळी अंकाची होते. टेलिफोन डिरेक्टरीची किंवा रेल्वेच्या टाइमटेबलची समीक्षा कोणी लिहीत नाही. तरीही वाचकहो, या पुरवणीची पाने मी आज एका जंत्रीसाठी खर्च करणार आहे, कारण टोकियो शहराची माझी ओळख कुठल्या कादंबरीने किंवा प्रवासवर्णनाने करून दिली नाही. ती ‘पिआ’ नावाच्या जंत्रीने करून दिली.

आपल्यापैकी जे २०११ नंतर इकडे आले, त्यांनी ‘पिआ’ हा शब्द तिकिटे विकणाऱ्या कंपनीचे नाव म्हणूनच ऐकला असेल. मूळ ‘पिआ’ हे मासिक. जुलै १९७२ मध्ये चुओ विद्यापीठात शिकणाऱ्या हिरोशी यानाइ या तरुणाने मित्रांना जमवून ते काढले. पहिला अंक २६ पानांचा, किंमत १०० येन. कुठल्या चित्रपटगृहात कोणता सिनेमा किती वाजता लागतो, कुठल्या तळघरात कोणते नाटक आहे, कोण कुठे गाणार आहे, एवढेच त्यात होते. नावाला काही अर्थ नाही, नुसते कानाला बरे वाटले म्हणून ठेवलेले. (हिंदी गाण्यांतल्या ‘पिया’शी त्याचे नाते जोडायचा मोह आपल्या सगळ्यांना होतो. तो आवरावा.) वितरक अंकाला हात लावेनात, तेव्हा शिंजुकुच्या किनोकुनिया या पुस्तकांच्या दुकानाचे मोइची तानाबे यांनी शब्द टाकला आणि तो नव्वदच्या आसपास दुकानांत ठेवला गेला. १९७९ मध्ये मासिकाचे पाक्षिक झाले, १९९० मध्ये साप्ताहिक. भरभराटीच्या काळात खप पाच लाखांच्या वर होता. शेवटचा अंक २१ जुलै २०११ रोजी निघाला.

मी २००५ च्या सुमारास संशोधनासाठी इथे आलो, तेव्हा ‘पिआ’ उतरणीला लागले होते. पण मराठी घरात जुने अंक जसे वर्षानुवर्षे माळ्यावर राहतात, तसे प्रयोगशाळेच्या कपाटात त्याचे जुने अंक पडून होते. काँजी धड वाचता येत नव्हती. पण जंत्रीचा एक फायदा असा, की तिच्यात वाक्ये नसतात. ठिकाण, तारीख, वेळ, दर, फोन. शंभर अक्षरे ओळखणारा माणूसही नेट लावला तर एक संध्याकाळ त्यातून खोदून काढू शकतो. मी तशा बऱ्याच काढल्या.

आता तिच्या गुणांकडे वळतो. ‘पिआ’ने सुरुवातीपासून एक पथ्य पाळले: मत द्यायचे नाही. हा सिनेमा चांगला, तो टाकाऊ, असे संपादक म्हणणार नाहीत. गिंझाच्या हजार खुर्च्यांच्या थिएटरातला अमेरिकन सिनेमा आणि एखाद्या विद्यापीठाच्या सभागृहात एकाच दिवशी दाखवला जाणारा आठ मिलिमीटरचा हौशी सिनेमा, दोघांची नोंद सारख्याच बारीक टाइपात. नोंद छापून येण्यासाठी पैसे मोजावे लागत नसत. वर्षातून एकदा वाचकांकडून आवडत्या कलाकृतींची मते मागवली जात, तेवढीच काय ती निवड. पानांच्या कडेच्या कोऱ्या जागेतही वाचकांनी पाठवलेली एकेका ओळीची थट्टामस्करी छापत, आणि पुष्कळ लोक अंक हातात आला की आधी ती कडच वाचत.

हे पथ्य म्हणजे निव्वळ आळस, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ही डेटाबेसची शिस्त आहे: नोंद पूर्ण हवी, अचूक हवी, सगळ्यांना रकाने सारखे हवेत. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे, हे नोंदवणाऱ्याने आधीच ठरवून टाकू नये. मतप्रदर्शन करणारी नियतकालिके जपानमध्ये तेव्हाही ढिगाने होती. ज्याची कोणाशी ओळख नाही, ज्याचा कोणत्याही कंपूत वावर नाही, अशा परगावच्या पोराला मात्र अख्खे शहर एका ठिकाणी मांडून ‘घे, बघ’ म्हणणारे कोणी हवे होते. ते काम या २६ पानांनी केले. आणि ज्यांच्या नोंदी बारीक टाइपात येत, त्यांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९७७ पासून ‘पिआ’ने हौशी सिनेमांचा स्वतःचा महोत्सव भरवायला सुरुवात केली. कियोशी कुरोसावा आणि शिन्या त्सुकामोतो हे दिग्दर्शक त्यातूनच वर आले.

आपल्या वाचकांना तुलनेसाठी लांब जायला नको. मराठी वर्तमानपत्रांतले नाटकांच्या जाहिरातींचे पान आठवा. शिवाजी मंदिर दुपारी ४, गडकरी रात्री ८.३०, बालगंधर्व १२.३०. माझ्या आईवडिलांच्या पिढीचा रविवार त्या पानावर ठरत असे, आणि रसिकांची त्या पानाने केलेली सेवा मोठी आहे. पण ते पान विकत घेतलेल्या चौकटींचे होते. ज्या निर्मात्याच्या खिशात दम, त्याची चौकट मोठी. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ची मंडळी जे प्रयोग करत होती, ते मुख्यतः तोंडी बातमीवर चालत. दादरला राहणाऱ्याला, किंवा दादरला मित्र असणाऱ्याला ते कळत. डोंबिवलीला नुकत्याच आलेल्या कारकुनाला कळत नसत. इथे शिमोकिताझावाला १९८१-८२ मध्ये सुझुनारी आणि होंदा ही छोटी नाट्यगृहे उभी राहिली. त्यांचे वेळापत्रक मात्र चिबाच्या टोकाला राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही स्टेशनवरच्या स्टॉलमध्ये मिळत होते. छबिलदासला अशी जंत्री लाभली असती तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुसरा गुण नकाशांचा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता म्हणजे चोमे, मग गट, मग घर, असे आकडे, आणि शेजारची दोन घरे शेजारच्याच आकड्यांची असतील याची हमी नाही. ‘पिआ’ने स्टेशनच्या कुठल्या दारातून बाहेर पडायचे आणि कुठल्या बँकेपाशी वळायचे, हे दाखवणारे नकाशे छापले, पुढे त्यांची स्वतंत्र पुस्तकेही काढली. जपानी माणसालाही त्यांची गरज पडे, हे पाहून माझा न्यूनगंड बराच कमी झाला.

दोष सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही, आणि दोष लहान नव्हते. १९८४ मध्ये याच कंपनीने संगणकावरून तिकीटविक्री सुरू केली. जी संस्था सगळ्यांना सारखा टाइप देते, तीच काहींची तिकिटे विकू लागली की तिचा तटस्थपणा किती टिकतो? नोंदी सारख्याच राहिल्या, पण नंतरच्या अंकांत पुढची पाने तिकीट विक्रीला निघालेल्या मोठ्या कार्यक्रमांनी भरलेली दिसतात, आणि बारीक टाइप मागे मागे सरकलेला. हळूहळू ज्याचे तिकीट विकता येत नाही, त्याला जंत्रीत आपली जागा फारशी उरली नाही असे वाटू लागले. ‘पिआ’ इंटरनेटने मारले, असे सरसकट म्हणतात. मला वाटते, त्याआधीच त्याचा जीव तिकिटाच्या खिडकीत अडकला होता. २०१८ मध्ये ते मोबाइलवरच्या अॅपच्या रूपाने परत आले, पण शेजारच्या नोंदीवर चुकून नजर पडण्याचा योग त्यात कमी.

दुसरा दोष परक्यांच्या वाट्याचा. सगळे जपानीत, आणि सिनेमांची नावेही बदललेली. सत्यजित राय यांचा ‘अपूर संसार’ १९७४ मध्ये जिंबोचोच्या इवानामी हॉलमध्ये लागला, आणि व्यापारी सिनेमागृहे ज्यांना हात लावत नाहीत असे सिनेमे दाखवण्याची त्या हॉलची परंपरा तिथून सुरू झाली. पण जपानी जंत्रीत ‘अपूर संसार’ शोधून सापडणार नाही. त्याचे नाव ‘महावृक्षाचे गाणे’. आपल्या शशी गोडबोलेचा ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१४ च्या जूनमध्ये गिंझाला लागला तो ‘मॅडम इन न्यूयॉर्क’ या नावाने, आणि डबेवाल्यांचा ‘लंचबॉक्स’ त्याच वर्षी दैवयोगाने भेट घडवणाऱ्या बेंतोच्या नावाने. पुण्याच्या गृहिणीची गोष्ट गिंझात जपानी बायका डोळे पुसत पाहत होत्या, आणि निशिकासाईतल्या किती मराठी घरांना त्याचा पत्ता होता? १९९४ पासून ‘टोकियो क्लासिफाइड’ आणि पुढे ‘मेट्रोपोलिस’ या नावाने निघालेले फुकट इंग्रजी नियतकालिक, किंवा २००४ मध्ये सुरू झालेले, प्रदर्शनांची दोन्ही भाषांत नोंद ठेवणारे ‘टोकियो आर्ट बीट’, यांनी ही उणीव थोडी भरून काढली. पण गल्लीतल्या लहान ठिकाणांपर्यंत इंग्रजीचा हात फारसा पोचत नाही.

मग जंत्रीची जागा कोणी घेतली? खाण्याच्या बाबतीत तारे आणि गुणांनी. २००५ मध्ये ‘ताबेलोग’ सुरू झाले, २००७ च्या नोव्हेंबरात मिशलॅनची टोकियोवरची पहिली पुस्तिका आली आणि तिने १५० ठिकाणांना मिळून १९१ तारे वाटले. ताबेलोगवर ३.५ च्या वर गुण म्हणजे दुकानाबाहेर रांग. हा आकडा साधी सरासरी नाही. कोणाच्या मताला किती वजन द्यायचे, ते त्यांचे सूत्र ठरवते आणि ते सूत्र जाहीर नाही. २०१९ च्या मे महिन्यात त्यात बदल झाला तेव्हा आपले गुण घसरले आणि धंदा बुडाला, असे म्हणत याकिनिकुची दुकाने चालवणाऱ्या एका कंपनीने दावा लावला. जून २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिला ३ कोटी ८४ लाख येन भरपाई मंजूर केली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याचे बरोबर-चूक वकिलांवर सोडतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन दशांश गुण कोर्टात भांडण्याइतके मोलाचे झाले आहेत.

आणि एवढे करून आपल्या घरचा प्रश्न सुटतो का? आपल्या वाचकांत शाकाहारी कुटुंबे पुष्कळ. त्यांना दुकान ३.४ आहे की ३.६, याच्याशी कर्तव्य नसते. रश्श्यात काय आहे, एवढेच हवे असते. जपानी स्वयंपाकात वाळवलेल्या बोनितो माशाचा दाशी भाज्यांत, सूपात, सोबाच्या आमटीत, सगळीकडे असतो आणि दिसत मात्र कुठेच नाही. इथे आकडा निरुपयोगी आहे, रकाना हवा: मासा आहे, नाही. टोकियो स्टेशनच्या आतल्या ‘टीज तानतान’मध्ये प्राणिज काहीही न घातलेले रामेन मिळते, ही एका ओळीची नोंद आपल्याला शंभर ताऱ्यांपेक्षा जास्त कामाची.

रात्रीच्या करमणुकीबद्दल थोडक्यात. १९४८ च्या एका कायद्यामुळे मध्यरात्रीनंतर लोकांना नाचू देणे हा इथे गुन्हा होता. २०१५ मध्ये तो कायदा बदलला आणि २३ जून २०१६ पासून परवाना घेऊन पहाटेपर्यंत नाचता येते, मात्र दिवे १० लक्सपेक्षा मंद नकोत. लक्समीटर घेऊन नाचघराची तपासणी करणारा हवालदार हा पु. लं.साठी राखून ठेवावा असा विषय. कुटुंबवत्सल माणसाची रात्र मात्र कायद्याने नाही, साडेबाराच्या आसपासच्या शेवटच्या गाडीने संपते. त्यांच्यासाठी शिंजुकुचा पिट इन हा १९६५ पासूनचा जॅझचा अड्डा बरा, दुपारीही कार्यक्रम असतात. किंवा सुएहिरोतेइ, जिथे राकुगोचा फड दर दहा दिवसांनी बदलतो. भाषा कळत नसली तरी आवाज आणि पंखा यांवर चाललेले एकट्या माणसाचे नाटक ज्याला आपले कीर्तन ठाऊक आहे त्याला परके वाटत नाही.

आता आपल्याकडे बघू. सन २००० च्या संगणक-संकटाच्या निमित्ताने निशिकासाईत आपली वस्ती वाढली. आज कार्यक्रम कळतात ते व्हॉट्सअॅपवर: गणपती, कोजागिरी, दिवाळी, योयोगी बागेतला ‘नमस्ते इंडिया’, कोणाकडे तरी उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे. हे सगळे हवेच. पण त्यात ओळखीच्याला ओळखीचे कळते. छबिलदासची तीच तोंडी बातमी, फक्त फोनवर. दहा-दहा वर्षे इथे काढून, मुले इथल्या शाळेत घालून, एकाही छोट्या नाट्यगृहाची पायरी न चढलेली कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांना रस नाही, हे मला पटत नाही. पुण्यात हीच माणसे सवाई गंधर्वला थंडीत सतरंजीवर बसली होती. त्यांना नोंद मिळालेली नाही.

म्हणून संपादक मंडळाकडे माझी मागणी आहे: प्रत्येक अंकात अर्धे पान, बारीक टाइप, मत नको. आणि सुरुवात तोझाई लाइनपासून करावी, कारण ती आपल्या दारातून जाते. किबाला उतरून पंधरा मिनिटे चालले की समकालीन कलेचे संग्रहालय. निहोनबाशीला आर्टिझोन. ताकेबाशीला आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय, स्टेशनपासून चार पावलांवर. वासेदाला १९२८ पासूनचे नाट्यसंग्रहालय, प्रवेश फुकट. ज्या त्सुबोउचि शोयो यांच्या नावाने ते आहे, त्यांनी सगळा शेक्सपियर जपानीत आणला, आणि ‘विकारविलसित’ करणाऱ्या आगरकरांचे ते समकालीन. ताकादानोबाबाला वासेदा शोचिकु, एका तिकिटात दोन जुने सिनेमे. इवानामी हॉल २०२२ च्या जुलैमध्ये बंद झाला, तेव्हा कुदानशिताची ओळ गाळावी लागेल. नोंदी मी गोळा करीन. इथल्या नाट्यगृहांत खुर्चीवर येणाऱ्या कार्यक्रमांच्या पत्रकांचा जाडजूड गठ्ठा ठेवलेला असतो. आपली माणसे तो बाहेर पडताना टोपलीत टाकतात. तो कृपया घरी आणावा आणि माझ्याकडे पोचवावा. सिनेमाची मूळ नावे शोधून लिहायला दोन जपानी जाणणारे हात मात्र लागतील.