फळी आणि लेकरू : मल्लविद्येतील देहविचाराबद्दल

मल्लविद्येवर लिहिणारे 'मानसोल्लासा'तील मल्लविनोदाचा दाखला देतात, तेव्हा सूर बहुधा अभिमानाचा असतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. वय, अंगलट व बळ यांवरून मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार, सराव हे सारे त्यात आहे. यावरून आपल्याकडे देहप्रकृतीचा विचार नऊ शतकांपूर्वीच पुरा झाला होता, असे सांगितले जाते.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. हे प्रकरण ग्रंथाच्या विनोदविंशतीत, म्हणजे राजाच्या करमणुकीत येते. पाहणारा वर्गवारी करतो ती जोड लावण्यासाठी, खुराक ठरवण्यासाठी. ठेंगण्याने उंचापुऱ्यावर कोणता डाव टाकावा, हा प्रश्न मातीत उतरलेल्याचा आहे.

वजनगटांचेही थोडे तसेच. गट कुस्तीची जोड सारखी करतो, तालीम सारखी करत नाही. ५७ किलोचा लांबहात्या आणि ५७ किलोचाच गठ्ठ्यासारखा पोरगा, दोघांचे जोर एकसारखे कसे असतील?

हे मला पुस्तकाआधी अंगाला कळले. चिखली तालुक्यातल्या ज्या तालमीत मी चौदाव्या वर्षी जात होतो, तिथे जोर काढताना हाताची आणि पायाची फळी एकाच अंतरावर ठोकलेली होती. मी काटकुळा, लांब. त्या अंतरात दुमडून जाई. शेजारचा गिड्डा पोरगा इतका ताणला जाई की त्याची कंबर उचलतच नसे. दोघांनाही एकच शेरा मिळे : अंग चोरता. दुसऱ्या पावसाळ्याआधी दोघांनी माती सोडली. (मी ग्रंथांकडे वळलो तो थोडा या रागातूनच, हे कबूल करतो.)

म्हणून खाशाबा जाधवांवरचे लेखन वाचताना मी अडतो. १९४८ला लंडनला ते फ्लायवेटमध्ये सहावे आले, तेही मातीऐवजी मॅटवर पहिल्यांदाच खेळून. १९५२ला हेलसिंकीत वरच्या, बँटमवेट गटात कांस्यपदक. लेखक यातली गरिबी आणि जिद्द सांगतात, ती खरीच. पण देह निसटतो. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मान जखडून समोरच्याला आपल्या कमरेवरून फेकायचे. ठेंगण्याची कंबर मुळातच खाली असते, त्याला उंच गड्याच्या खाली शिरायला फार वाकावे लागत नाही. ज्या अंगाला आखाड्यात कमी लेखतात, त्याच अंगावर हा डाव टेकतो. चरित्रकाराने इथे थांबून चार पाने लिहायला हवीत. आपल्याकडे चार ओळीही मिळत नाहीत.

गेल्या पौषात मेहकरकडच्या एका गावात मुलींची तालीम पाहिली. फळी नव्हतीच. वस्ताद प्रत्येकीला आडवे करून तिच्या पायाशी मातीत अंगठ्याने रेघ ओढत होते. "हे कुठून घेतलं, वस्ताद?" मी विचारले.

"घ्यायचं कुठून जी? ते लेकरू पुरत नव्हतं तिथं."