सावलीची आरास

छायाचित्र पाहून इमारतीवर मत देऊ नये, हा धडा मला अहमदाबादेत मिळाला. ल कॉर्बूझिएने गिरणीमालक संघासाठी बांधलेली, १९५४ साली पुरी झालेली कचेरी चित्रात मला काँक्रीटचे खुराडे वाटे. शिवाय रस्त्याकडून थेट पहिल्या मजल्यावर नेणारी ती लांबलचक चढण! ही चैन कशाला?

प्रत्यक्ष चढू लागलो आणि उलगडा झाला. पश्चिमेच्या दर्शनी बाजूला काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरक्या बसवल्या आहेत. मावळतीचे ऊन त्यांवर अडते, वारा मात्र आत शिरतो. आपण पुढे सरकतो तशा त्यांच्यामधल्या फटी बदलत जातात. इमारतच कूस वळवते म्हणा ना! मागे पूर्वेला फळ्या सरळ आहेत, तिकडे साबरमती.

दोष एकच. चढण उघडी आहे. भर दुपारी डोके तापते. पण त्या चटक्यावाचून वरची सावली इतकी गोड लागली असती का?

अहमदाबादेतल्या बहुतेक जुन्या गिरण्या पुढे बंद पडल्या. ही सावली उरली. दिवाळीत आपण उजेडाची आरास मांडतो. सावलीचीही मांडता येते, हे मी तिथे पाहिले.