न काढलेलें छायाचित्र

मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि माणसांच्या चेहऱ्यांचा संग्रह करण्याची हौस येथें मूळ धरूं लागली. विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईच्या रहिवाशांचीं छायाचित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील माणसें खरीं. पण पाठीमागचीं दृश्यें पुष्कळदां दुसरीकडून आणून जोडलेलीं, आणि मथळा बहुधा जातीचा, माणसाचा नव्हे. चेहरा आहे, नांव नाहीं.

याच्या नेमकी उलट गोष्ट सोलापूर जिल्ह्यांतील एका चित्रकाराच्या वांट्यास आली. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. ते दीड वर्षाचे असतांना त्यांची आई झैनब वारली. छायाचित्र काढल्यानें आयुष्य घटतें, या तत्कालीन समजुतीमुळें तिनें आपलें छायाचित्र कधीं काढूं दिलें नाहीं, असें हुसेन यांनींच सांगितलें आहे. येथें नांव आहे, चेहरा नाहीं.

जुन्या छायाचित्रांपासून स्फूर्ति घेणारे चित्रकार पुष्कळ. न काढलेल्या छायाचित्रापासून ती घेणारा विरळाच. १९८० च्या सुमारास आरंभिलेल्या मदर टेरेसांच्या चित्रमालेंत निळ्या काठांची शुभ्र साडी आहे, मांडीवर निजलेलें मूल आहे, आधार देणारे हात आहेत. मुखाच्या जागीं मात्र केवळ काळोख. ही चित्रकाराची लकब आहे, असा आक्षेप कोणी घेईल. हुसेन यांच्या चित्रांतून मुखहीन स्त्रिया इतक्या वेळां येतात, कीं कित्येक ठिकाणीं तो आक्षेप आम्हांसहि मान्य करावा लागतो. परंतु या मालेंतील उत्तम चित्रांत तो टिकत नाहीं. तेथें साडीची प्रत्येक चुणी आणि हाताची प्रत्येक वळण चेहऱ्याचें काम करते. काळोख ही उणीव न वाटतां प्रामाणिकपणा वाटतो. जें पाहिलें नाहीं, तें रंगविण्याचें चित्रकारानें नाकारलें आहे.

हीं चित्रें पाहून घरीं परतल्यावर रसिकानें आपल्या पणजीचें पिवळट छायाचित्र पुन्हां हातीं घ्यावें. आजवर आपण तिचा चेहराच पाहिला. आतां मांडीवर घट्ट ठेवलेले हातहि दिसतील. आणि त्या छायाचित्रामागें तिचें नांव लिहिलेलें नसेल, तर तें सांगणारें कोणी घरांत आहे तोंवरच लिहून ठेवावें. नाहींपेक्षां तीहि जॉन्सनच्या खंडांतील माणसांसारखी केवळ एक चेहरा होऊन राहील.