थपडेची दखल

'सैराट' (2016) पाहून आमचे समीक्षक तिकीटबारीचे आकडे, अजय-अतुलचे संगीत आणि आर्चीची बुलेट यांवर भरभरून लिहिते झाले. शेवटाविषयी शब्द मात्र एकच: 'धक्कादायक'. धक्का कुणाला? 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात एका दलित शाळकरी पोराला मारून टाकले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. त्याला दोन वर्षे झाली आणि दुसऱ्याच दिवशी 'सैराट' लागला. पुढे 2017 साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. हा महाराष्ट्र ज्यांच्या घरावरून गेला आहे त्यांनी शेवट पाहून मान खाली घातली असेल. दचकले ते दुसरे.

मी मास्तर, म्हणून असेल, माझे मन आर्ची-परश्यापेक्षा लोखंडे सरांपाशी अडकते. दलित कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या, भर वर्गात, पाटलाचा पोरगा कानाखाली वाजवतो. पदवी, नोकरी, हातातला खडू, काहीच आडवे येत नाही. नागराज मंजुळे यांनी पुढच्या खुनाची सगळी व्यवस्था इथेच दाखवून ठेवली आहे. माझ्या वाचनातल्या परीक्षणांत या थपडेला ओळभरही जागा नव्हती.

2018 साली 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, जात तोंडी लावण्यापुरती उरली. शेवटही फिरवला: नवरा आणि मूल मरते, नायिका वाचते. तक्रार काय वाचली? नव्या नायिकेला आर्चीची सर नाही!