केळकरांची समाधी आणि ऑगस्टिनचे अश्रू

नरसिंह चिंतामण केळकर हे नाव आज आपल्या कुटुंबांतून फारसे ऐकू येत नाही. ‘साहित्यसम्राट’ ही पदवी तेवढी शाळेपासून कानावर असते, आणि पदव्यांच्या भाराखाली माणूस दिसेनासा होतो. वस्तुतः केळकर आपल्या परिसराचे. जन्म १८७२ साली मोडनिंबचा. पण वडील मिरज संस्थानच्या चाकरीत असल्याने बालपण व शालेय शिक्षण मिरजेत झाले. पुढे त्यांनी साताऱ्यास वकिली केली, आणि १८९६ मध्ये लोकमान्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास गेले. (याच साताऱ्यात सुमारे वीस वर्षांनी, १९१७ साली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला.)

‘मराठा’ व ‘केसरी’ या पत्रांचे संपादन, राजकारण, नगरपालिका, कायदेमंडळ हे सारे सांभाळून केळकरांनी जे लिहिले त्याचे १९३८ साली बारा खंड झाले. त्यांतील टीकालेख आणि इतरांच्या ग्रंथांना लिहिलेल्या प्रस्तावना वाचताना साताऱ्याचा वकील पदोपदी दिसतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून ते निकाल देत नाहीत. हा मोठा गुण होय. मात्र कित्येकदा निकालच द्यावयाचा राहून जातो. नवोदिताला दुखवू नये ही त्यांची वृत्ती सौजन्याची खरी, परंतु सौजन्याने लिहिलेली प्रस्तावना वाचकाच्या उपयोगी पडतेच असे नाही. आपल्या पुस्तकांच्या प्रकाशन समारंभांत भाषणे करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना हे वेगळे सांगावयास नको.

तथापि एका प्रश्नावर केळकर ठामपणे बोलले. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाङ्मय वाचताना आनंद का होतो, दुःखाची कथासुद्धा हवीशी का वाटते, हा प्रश्न. त्यांचे उत्तर असे की, वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरत नाही. योग्याच्या निर्विकल्प समाधीत ‘मी’ उरत नाही. वाचकाचा ‘मी’ शिल्लक राहतो आणि तरीही विस्तारतो. राजा, भिकारी, खुनी, संत या सर्वांचे जीवन तो घरबसल्या जगून येतो. एका वृत्तपत्रकाराने योगशास्त्रातील परिभाषा उचलून सामान्य वाचकाचा अनुभव इतक्या नेमकेपणाने सांगावा, ही मराठी समीक्षेतील लहान गोष्ट नव्हे.

माझी अडचण येथूनच सुरू होते. संत ऑगस्टिन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की, विद्यार्थिदशेत व्हर्जिलच्या काव्यातील दिदोच्या मृत्यूवर ते रडले. स्वतःचा आत्मा देवापासून दुरावून मरत होता, त्याच्यासाठी मात्र डोळ्यांत टिपूस नव्हते. नाटकगृहातील प्रेक्षकाविषयीही त्यांचा आक्षेप असाच आहे: त्याला दुःख पाहून रडावयास बोलावलेले असते, मदतीला धावावयास नव्हे. केळकरांच्या समाधीतला ‘मी’ नेमका असाच सुखरूप परत येतो. तो विस्तारला, पण बदलला का? दूरदर्शनवरील मालिकेतील सुनेसाठी पदर डोळ्यांना लावणाऱ्या घरात खऱ्या सुनेची काय अवस्था असते, हे धर्मग्रामातून हिंडणाऱ्याला ठाऊक असते.

केळकरांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, ते आनंदाची मीमांसा करीत होते, परिवर्तनाची नव्हे. शिवाय दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची सवयच नसेल, तर दयेला सुरुवात तरी कोठून व्हावी? प्रभू येशूने शोमरोन्याची गोष्टच सांगितली, नियम सांगितला नाही. ऐकणाऱ्या शास्त्र्याला त्याने आधी त्या रस्त्यावर नेले. मात्र गोष्ट संपल्यावर त्याला तेथेच रेंगाळू दिले नाही. तसेच वागावयास पाठविले. केळकरांचा सिद्धान्त त्या रस्त्यापर्यंत नेतो, आणि तेथे थांबतो.

विनोदाच्या बाबतीत मात्र तो पुष्कळच उपयोगी पडतो, कारण तेथे स्वतःला न विसरणे हेच मर्म असते. १९३७ ची ‘हास्यविनोदमीमांसा’ जिज्ञासूंनी पाहावी. घरातील तरुणांच्या हाती प्रथम द्यावयाचे असेल, तर १९३९ चे ‘गतगोष्टी’ हे आत्मचरित्र द्यावे. मिरजेच्या वाचकाला त्यात आपले गाव भेटेल.