हुबेहूबपणाचा निकष आणि ‘धर्मवीर’

प्रवीण तरडे दिग्दर्शित ‘धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे’ हा चित्रपट १३ मे २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक शब्द वारंवार भेटतो : हुबेहूब. प्रसाद ओक यांनी उभे केलेले आनंद दिघे मूळ व्यक्तीशी किती जुळतात, याभोवतीच हा प्रतिसाद बराचसा घुटमळला. सादृश्य हा अभिनयाचा गुण असू शकतो; संहितेच्या मूल्यमापनाचा तो निकष होऊ शकत नाही. जूनमध्ये एकनाथ शिंदे यांचे बंड झाले, ३० तारखेला ते मुख्यमंत्री झाले, आणि चर्चेने कूस बदलली. क्षितीश दाते यांनी साकारलेल्या शिंद्यांच्या दृश्यांत आता पूर्वसूचना शोधल्या जाऊ लागल्या. पहिला निकष छायाचित्राचा, दुसरा पंचांगाचा.

या दोहोंतून निसटला तो निवेदनाचा प्रश्न. वार्तांकनासाठी आलेल्या पत्रकार तरुणीला एक रिक्षाचालक दिघ्यांची कथा सांगतो, अशी या चित्रपटाची चौकट आहे. सांगणारा भक्त, ऐकणारी अनभिज्ञ. चरित्राला पोथीचे रूप येते ते येथे. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेतला पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या इतका निकट वावरतो की अखेरीस त्याचे भान सुटते. तेथे राजकारण्यांची नावे कल्पित होती, म्हणूनच त्यांमागे कोण आहे, हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागे. ‘धर्मवीर’मध्ये नावे खरी आहेत, आणि प्रेक्षकाने ठरवावे असे फारसे काही उरत नाही.

तथापि भक्तिकथा म्हणून हा चित्रपट मोडीत काढणे हीही पळवाटच. टेंभी नाक्यावरच्या आश्रमात भरणारा दरबार हे त्याचे खरे केंद्र होय. ठाण्यात १९८२ पासून महानगरपालिका आहे. न्यायालये आणि पोलीस ठाणी तर त्याही आधीपासूनची. तरीही तक्रार घेऊन माणसे एका व्यक्तीच्या दारात उभी राहतात. जुन्या आग्रा रस्त्यावरच्या बाळकुमसारख्या, गावठाणाला उंच इमारतींनी वेढलेल्या वस्तीतल्या प्रेक्षकाला हा दरबार अद्भुत नव्हे, ओळखीचा वाटण्याचीच शक्यता अधिक. ही ओळख कोठून आली, संस्थांवरचा भरवसा केव्हा आटला, हे समीक्षेने विचारावयास हवे होते. दरबारात न्याय मिळालेल्यांची दृश्ये पटकथेने मन लावून रचली आहेत. ज्याच्याविरुद्ध निवाडा झाला त्याने दाद कोठे मागावी, हा प्रश्न तिला पडत नाही. परीक्षणांनाही तो क्वचितच पडला.

दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आला. ‘साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट’ हे त्याचे उपशीर्षक; म्हणजे पहिल्या भागात रिक्षाचालकाला निदान कथा सांगून जे पटवावे लागत होते, ते येथे पडदा उघडण्यापूर्वीच गृहीत धरलेले आहे.